फडक्यावरचा निळा ठिपका

१२ जुलै १९८१, रवि. अनगोळ (बेळगाव)
आजही नाही. हवा इतकी दमट की टेबलावर बोट फिरवलं तर ओल लागते. ठिणगी जिथं पडायला हवी ती जागा सोडून सगळीकडे पडते: काचेच्या कडेनं, टेबलाच्या खिळ्यात, एकदा माझ्या बांगड्यांच्या रोखानं. बांगड्या काढून खिशात, म्हणजे पर्समध्ये. लॅबचा शिपाई बसप्पा दारातून म्हणाला, "बाई, कोपलंय री हे." मी म्हटलं, मीही कोपलेय, बघू कोण आधी शांत होतं.

एकदा नीट लिहून ठेवते. उद्या शॉक लागून मेले तर ही बाई सुट्टीच्या दिवशी स्टोअररूममध्ये काय करत होती ते कळू दे. दोन पितळी पट्ट्या समोरासमोर, मधे बारीक फट. खाली अॅल्युमिनियमचे पत्रे, दोन पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा कागद. निऑनच्या पाटीचा जुना ट्रान्सफॉर्मर वीज भरतो. भरलेली वीज एकदम सुटते, फटीतला नायट्रोजन क्षणभर पेटतो आणि फटीच्या टोकातून अतिनील किरणांची सरळ, बारीक रेघ बाहेर पडते. पडायला हवी. हा नायट्रोजन लेसर. रेघ डोळ्यांना दिसत नाही. समोर त्या किरणांत चमकणारं काहीतरी धरावं लागतं, मग त्यावर निळा ठिपका उमटतो.

सर (विद्यापीठातले माझे गाईड) म्हणतात, तुमच्या कॉलेजात हे होणं नाही, नुसतं गणित करा, प्रबंध बांधा. गणित मी केलंय. गणितात चालतो.

१९ जुलै, रवि. निपाणी
पट्ट्या वाकड्या होत्या, इथल्या लेथवर नव्या करून घेतल्या. लेथवाला विचारत होता कशाला. म्हटलं, दिव्याला. आईही दिवाच म्हणते.

आई तंबाखूच्या वखारीतून आली ती खोकतच. नाकातोंडाला बांधायचं फडकं सोडलं, दारात झटकलं आणि तरी घरभर तंबाखू. मी नोकरीला लागले त्या महिन्यापासून सांगतेय की ते तंबाखू चाळायचं काम सोड. आजही तेच झालं.
"सोडती की. तुझा दिवा लागू दे."
"त्याचा आणि वखारीचा काय संबंध?"
"संबंध माझा हाय. तू लागलीस कामाला ते बरं झालं. पण तू जे करायला गेलीस ते झालं की मग मी सोडती. शब्द हाय माझा."

आईचा शब्द म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एकदा शेजारणीशी बोलणार नाही म्हणाली ती दोघींचे केस पिकले तरी बोलली नाही. निघताना पट्ट्या पिशवीत वाजतात म्हणून तिनं आपल्या वखारीच्या फडक्यात गुंडाळून दिल्या. बसमध्ये शेजारचा गृहस्थ सारखा शिंकत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.

२ ऑगस्ट
प्लॅस्टिक फाटलं. चार दिवसांचं काम. भोक सुईच्या टोकाएवढं. राग आला म्हणून डबा खाल्ला नाही, मग रात्री भूक लागली तेव्हा स्वतःचाच राग आला.

२३ ऑगस्ट
टेबल जळालं. मी दोन मिनिटं पाणी प्यायला गेले आणि यंत्र चालू. बसप्पानं पोतं टाकून विझवलं. यापुढे नियम: चालू यंत्र सोडून हलायचं नाही, आणि बटण माझ्याशिवाय कुणी दाबायचं नाही. विभागप्रमुख येऊन जळका डाग बघून गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१३ सप्टेंबर, रवि.
लागला.

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे. आज उघडीप. खिडक्यांना काळा कागद लावून सुरू केलं. एकसारखा तड् तड् आवाज, जसा यायला हवा तसा. समोर फुलस्केप कागद धरला, काही नाही. रुमाल धरला, नाही. मग हाताला लागलं ते आईचं फडकं, पट्ट्या पुसायला घेतलेलं. ते फटीसमोर वीतभर अंतरावर धरलं आणि त्यावर निळा, उभा, बारीक ठिपका. प्रत्येक आवाजाबरोबर ठिपका. फडकं हलवलं, ठिपका जागीच. बसप्पाला हाक मारली. तो बघून म्हणाला, "निळं आहे री." त्याच्या दृष्टीनं एवढंच. मी मात्र स्टुलावर बसून रडले. बसप्पानं चहा आणला.

साधा कागद का चमकला नाही, या विचारावर वेळ घालवला नाही. आपल्याकडचा कागदच हलका.

१४ सप्टें.
सरांना पत्र टाकलं. तीनदा लिहिलं. पहिल्यात फार उड्या मारल्या होत्या.

२० सप्टें., निपाणी
आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "लागला?" "लागला." "तुज्या डोळ्यांनी बगिटलास?" "बगिटला." मग एवढंच म्हणाली, "बरं झालं." आणि मला दोन भाकऱ्या जास्त खायला लावल्या.

४ ऑक्टोबर
आईनं वखार सोडली. मला विचारलं नाही, कळवलं नाही, शेजारचा मधू कामानिमित्त बेळगावला आला त्याच्याकडून कळलं. सोमवारी गेली, मुकादमीणबाईला म्हणाली, माझ्या लेकीचा दिवा लागला, मी आता येत न्हाय. सगळ्याजणींना गूळ वाटला. मधू हसत हसत सांगत होता. मी त्याला चहा पाजला, गेल्यावर दार लावून घेतलं आणि खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत राहिले. आनंदच होता. पण बसवत नव्हतं.

सरांचं उत्तरही आलं. फेब्रुवारीत स्वतः येतील, सोबत मुंबईच्या प्रयोगशाळेतले एक गृहस्थ. लेसर पाहून समाधान झालं तर मला दोन वर्षांसाठी तिकडे घ्यायचा विचार. शेवटी एक ओळ: 'किरणरेघ किती अंतरापर्यंत टिकते ते मोजून ठेवा.' ठेवते की.

२८ ऑक्टो. दिवाळीची सुट्टी, निपाणी
फडकं मुद्दाम सोबत आणलं होतं, आईला दाखवायला. हेच ते, याच्यावर दिसलं. तिनं ते दोन बोटांत धरलं. तोंड असं केलं जणू मी तिला चारचौघांत उघडं पाडलं.
"हे वास मारतंय फडकं सायबांच्या म्होरं धरणार तू?"
"वास कोण घेतंय, आई. प्रकाश बघायचा असतो."
"ते तुला. त्यास्नी वास बी येतो."
आज सकाळी उठले तर चुलीवर घमेलं, घमेल्यात सोडा, सोड्यात फडकं. उकळून, आपटून, पुन्हा उकळून उन्हात टाकलं. मी उगाच हसले. बाबा असते तर म्हणाले असते, मायलेकी सारख्याच हट्टी. कित्येक वर्षांत ते फडकं एवढं पांढरं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट: आई रात्रभर खोकली नाही. मी जागी राहून ऐकलं.

९ नोव्हेंबर, सोम.
ठिपका नाही.
आवाज तोच. पट्ट्या त्याच. फडकं तेच. काही नाही.

१० नोव्हें.
कॉलेजात तास घेतले, काय शिकवलं आठवत नाही. संध्याकाळी पुन्हा. फट मोजली, गॅस बदलला, पट्ट्या घासल्या. नाही. बसप्पा म्हणाला, "फडकं धुतलं की बाई तुमी." सहज म्हणाला, बादली उचलता उचलता. मी त्याच्यावर ओरडले. मग घरी येऊन बसले, आणि बसल्या जागी कळलं, तो काय म्हणाला ते.

११ नोव्हें.
खात्री केली. कोपऱ्यावरच्या पानपट्टीतून चिमूटभर तंबाखू आणला (बाईमाणूस तंबाखू मागते म्हणून दुकानदारानं वर बघितलं). स्पिरिटमध्ये भिजवला, गाळला, कागदाला लावला. यंत्र सुरू केलं. कागद निळा. फटीसमोर निळा, बाजूला धरला तरी निळा, मागे धरला तरी फिकट का होईना निळाच.

म्हणजे लेसर नव्हताच. नुसती ठिणगी. ठिणगीतही अतिनील किरण असतात, ते दिव्यासारखे चौफेर सांडतात, आणि तंबाखूत असं काहीतरी आहे की एवढ्यातेवढ्यानंही पेटून उठतं. वीतभर अंतरावर, फटीतून आलेला उजेड फटीच्याच आकाराचा दिसणार. उभा, बारीक ठिपका. पहिल्या वर्षाच्या पोराला कळेल. साध्या कागदावर दिसत नाही याचा अर्थ मी कागदाला दोष देऊन मोकळी झाले.

दुसरी कुणी असती तर तिच्या लॅबमध्ये ते फडकं आलंच नसतं. ही चूक माझ्याच घरात होऊ शकत होती. हसू येतं, मग दुसऱ्या क्षणी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

१५ नोव्हें., रवि.
खरी परीक्षा अंतराची. ठिणगीचा उजेड पसरतो आणि लांबवर विरतो. लेसरची रेघ कॉरिडॉरच्या टोकापर्यंत बारीकच राहते. स्टोअररूमचं दार उघडं ठेवून बसप्पाला तंबाखू लावलेला कागद देऊन दुसऱ्या टोकाला उभा केला. काही नाही. निम्म्यावर, काही नाही. दाराशी आल्यावर अख्खा कागद फिकट उजळला. संपलं.

सरांना कळवायला हवं. आईला त्याआधी. आई पुन्हा वखारीत जाईल. शब्द दिव्याचा होता आणि दिवा लागलेला नाही.

६ डिसेंबर, निपाणी
विहारात मेणबत्त्या लावायला दोघी गेलो. आईनं धुवट पांढरं नेसलं होतं. वाटेत दोन बायका भेटल्या, वखारीतल्या. एक म्हणाली, "काकू, तब्येत सुदारली की गं तुझी." खरंच सुधारलीय. गालात भरलीय, आवाज मोकळा झालाय. पण घरात तिला करमत नाही. दुपारभर दारात बसते, तांदूळ निवडून झाले की तेच पुन्हा निवडते. "हाताला काम न्हाय" हे दिवसातून चारदा.

सांगायचंच ठरवून गेले होते. सांगितलं नाही. येताना बसमध्ये स्वतःला खूप शिव्या दिल्या.

२७ डिसें.
वारा कोरडा. थंडी चांगली. हेच दिवस आहेत. फट आणखी बारीक केली, पत्रे मोठे घेतले. आवाज बदललाय, टणक येतो. काल बसप्पा टोकाला उभा होता, म्हणाला दिसलं. पुन्हा केलं, म्हणाला नाही दिसलं. मग म्हणाला, "तुमी सांगा री, दिसलं म्हणू की नको?" त्याला घरी पाठवून दिलं.

आरसा लावून रेघ माझ्याकडेच परतवता आली असती, पण साध्या आरशाची काच हे किरण बरेचसे गिळते. वरून मुलामा दिलेला आरसा मागवलाय. त्याचा पत्ता नाही.

सरांना अजून कळवलेलं नाही. फेब्रुवारीच्या आत जर खरोखरच लागला, तर कळवण्यासारखं काही उरणारच नाही. असं मी मनाशी म्हणते आणि त्या वाक्याची मलाच चीड येते.

१६ जाने. १९८२
प्लॅस्टिक फाटलं. पुन्हा नवं घातलं. पुन्हा फाटलं. जेवण, झोप, तास, सगळं घाईत. आज वर्गात एका मुलीनं विचारलं, मॅडम, लेसर खरंच दिसतो का? मी म्हटलं, हा दिसत नाही, त्याच्यामुळे दुसरं काहीतरी दिसतं. उत्तर बरोबर होतं.

२४ जाने., रवि.
सरांचं कार्ड. दोघं बुधवार, १० फेब्रुवारीला येणार.

३१ जाने., रवि. अनगोळ
आई काल अचानक आली. पिशवीत भाकरी, शेंगाची चटणी आणि निरोप: नवा तंबाखू आला, वखारीत माणसं कमी, मुकादमीण दोनदा घरी येऊन गेली. मला वाटलं ती परवानगी मागतेय. ती फक्त सांगत होती की मुकादमिणीला नाही म्हणून आले.

तेव्हा मी सांगितलं. सगळं. फडकं, सोडा, ठिणगी. तिला समजेल अशा शब्दांत सांगायला निघाले आणि लक्षात आलं की ती अवघड शब्दांना अडत नाहीये, माझ्या तोंडाकडे बघतेय.
"म्हंजे दिवा लागलाच न्हाय."
"न्हाय."
"कवा कळलं तुला?"
"नोव्हेंबरात."
तिनं नुसते हातावर हात फिरवले. मग म्हणाली, "मी गूळ वाटला गं सगळ्यास्नी."

झोपताना म्हणाली, आठवडाभर राहीन. रविवारी बघू. न्हाय लागला तर सोमवारच्या पहिल्या गाडीनं जाती आणि कामाला लागती.
मी म्हटलं, आई, शब्दबिब्द राहू दे, तुझा खोकला बघ.
"शब्द राहू दे म्हणून राहतो व्हय?"

४ फेब्रु.
आईला लॅब दाखवली. यंत्र सुरू केलं, तिला लांब उभं केलं, डोळे जपायला माझा जुना चष्मा घातला. तिनं हात पुढे केला. नखं निळसर चमकली. ती एकदम मागे सरकली.
"अजून गेला न्हाय अंगातनं."
मी माझा हात तिच्या हाताशेजारी धरला. माझीही चमकली. नखं सगळ्यांचीच चमकतात, तंबाखू असो नसो. तसं तिला सांगितलं. तिनं दोन्ही हात पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघितले, माझं पटलं की नाही कोण जाणे. मग म्हणाली, कागदाला तंबाखू मी लावती, तुला नीट लावता येत न्हाय. लावला तिनं, सगळीकडं सारखा. मला वाळवायला दिला आणि हात धुवायला गेली.

७ फेब्रु., रवि.
बसप्पाच्या घरी लग्न, तो नाही. मी आणि आई. खिडक्या झाकल्या. आई कॉरिडॉरच्या पार टोकाला, हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद आणि पेन्सिल. पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवायचा, हलवायचा नाही. एवढंच सांगितलं: काय दिसतं ते सांग, दिसलं तर तिथं खूण कर. काय दिसायला हवं ते सांगितलं नाही. पण गेले सहा महिने माझ्या तोंडात दुसरं आहेच काय. तिला माहीत होतं.

मी बटणापाशी. यंत्र सोडून हलायचं नाही, माझाच नियम. इथून तिचा नुसता आकार दिसत होता. गॅस सोडला. बटण दाबलं. आवाज झाला, टणक, आजवर झाला नव्हता इतका स्वच्छ. पाठोपाठ दुसरा, आणि जळका वास. प्लॅस्टिक गेलं. बटण बंद केलं.

"दिसलं काय?" मी ओरडले.
तिकडून लगेच काही आलं नाही. मग:
"दिसलं."
"कुठं? खूण कर."
"केली."
धावत गेले. पुठ्ठ्यावर तिनं पेन्सिलीनं छोटा गोल काढला होता. गोल नीट मिटला नव्हता. "हितं. बारीक. निळं. उभं. गेलं बी लगीच." मी फटीतून सरळ दोरा ताणून आणला. दोरा आणि गोल यांत बोटभर अंतर पडलं. यंत्र जागचं जरा सरकलं असेल, दोरा सैल असेल, किंवा काहीच दिसलं नसेल. पुन्हा करून बघता येत नाही, आज तरी.

वाटेत मी मनात हिशेब करत होते. दिसलं म्हणाली तर तिला घरी बसावं लागणार, जे तिला नको आहे. नाही म्हणाली असती तर उद्याची पहिली गाडी. मग खोटं का बोलेल? आणि माझ्यासाठी बोलणार नाही तर कुणासाठी बोलेल?

खोलीवर आल्यावर तिनं उद्याच्या गाडीसाठी भरलेली पिशवी उघडली, लुगडं बाहेर काढलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं. पिशवी घडी करून खिळ्याला अडकवली. मी दारातच उभी.
"आई, खरंच दिसलं?"
ती लुगड्याच्या सुरकुत्या हातानं सरळ करत राहिली.
"तू बगिटला म्हणालीस तवा मी परत इचारलं हुतं काय?"

चहा केला. दोघी प्यालो. नवं प्लॅस्टिक आहे, थोडंच. बुधवारी सर येतात. प्लॅस्टिकचा ताव पसरून कापायला घेतला तेव्हा आईनं दुसरं टोक धरलं.